तीन महिने मागे जाऊन पाहा

संभाजीनगरात कुणाचे केस गळायला लागले की पहिला आरोपी पाणी. पैठणचा नाथसागर तुडुंब भरलेला असला तरी शहरातल्या नळाला पाणी येतं ते मध्ये बरेच दिवस घालवून. त्या मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो, गीझरची कॉइल लवकर जाते. अशा पाण्याने डोकं धुतल्यावर केस हातात आले तर दोष आणखी कुणाला द्यायचा? लग्न होऊन सातारा-देवळाईत आलेल्या मुलीचे केस गळू लागतात तेव्हा सासर आणि माहेर यांचं एका गोष्टीवर तरी एकमत होतं: पाणी बदललं. औरंगपुऱ्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगाही हेच सांगतो. वाळूजच्या कंपनीत शिफ्ट करणारा कामगारही हेच.

जड पाण्याला निर्दोष सोडावं असं माझं म्हणणं नाही. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा केसांवर थर बसतो, केस राठ होतात, गुंता वाढतो आणि कंगवा ओढला की ते मधूनच तुटतात. पण तुटणं वेगळं आणि गळणं वेगळं. केस तुटतो तो त्वचेच्या बाहेर, जिथे तो आधीच मेलेला असतो. गळतो तो त्वचेच्या आतून, आणि तिथली घडामोड शरीराच्या हिशेबाने चालते. नळाला काय येतं याचा तिच्याशी फारसा संबंध नाही. तात्पुरत्या केसगळतीची कारणं सांगणाऱ्या या पुस्तिकेचा सगळा रोख त्या आतल्या घडामोडीकडे आहे, म्हणून तिची ओळख करून देणारी ही प्रस्तावना थोडी लांबणार.

आमच्या भागात गळलेले केस टाकून देत नाहीत. विंचरून झालं की बोटाभोवती गुंडाळून पुंजका करायचा आणि दारामागे टांगलेल्या कॅरीबॅगमध्ये खोचायचा. केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत आली की तिला द्यायचा. त्यामुळे दवाखान्यात तक्रार सांगायच्या आधी टेबलावर पिशवी येते. ती सोडली की काळ्या पुंजक्यांचा ढीग, आणि पिशवी आणणारीच्या डोळ्यांत पाणी. अशा वेळी मी त्यातला एक सुटा केस काढून केसपेपरच्या पांढऱ्या कागदावर ठेवतो आणि दिवा जवळ ओढतो. एका टोकाला टाचणीच्या टोकाहूनही बारीक असा पांढरा ठिपका दिसतो. तो दाखवला की समोरची बाई आणखीच घाबरते: "बघा ना डॉक्टर, मुळासकट यायलेत!" तो ठिपका मूळ नसतो. केसाची वाढ थांबली की त्याचं आतलं टोक गाठीसारखं घट्ट होतं, रंग सोडतं आणि सैल पडतं. ती ही गाठ. मूळ त्वचेतच राहतं आणि काही दिवसांनी तिथूनच नवा केस निघतो. पैठण-गंगापूरच्या उसाच्या शेतकऱ्याला हे सांगायला एका वाक्यात भागतं: ऊस गेला, खोडवा फुटणार आहे. ठिपका नसेल आणि टोक तुटलेलं, फाटलेलं असेल, तर मात्र पाणी, पार्लर, केराटिन, स्ट्रेटनिंग यांची चौकशी करावी.

आता हिशेब. माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, साधारण तीन महिने नुसता बसून राहतो आणि शेवटी गळतो. निरोगी माणसात कोणत्याही दिवशी शंभरातले दहा-पंधरा केस या बसून राहण्याच्या काळात असतात. म्हणजे दहा हजार केस शंभर दिवसांत गळायचे, दिवसाला शंभराच्या आसपास. हे रोजचंच आहे. आखूड केसांच्या माणसाला ते कळतही नाही, लांब वेणीवालीला मात्र फरशीवर दिसतं.

शरीरावर मोठा घाला पडला की हा हिशेब बिघडतो. कडक ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, अपघात, अचानक उतरलेलं वजन. अशा वेळी शरीर गरजेची कामं चालू ठेवतं आणि बिनगरजेची थांबवतं. केस वाढवणं बिनगरजेचं. एरवी दहा टक्के केस बसलेले असायचे, ते तीस टक्के एकदम बसतात. पण बसले म्हणजे लगेच गळले नाहीत. ते दोन-तीन महिने जागेवरच असतात, वेणी तेवढीच जाड दिसते, माणूस बरा होऊन कामाला लागतो आणि मग एके दिवशी न्हाणीघराची जाळी तुंबते. दिवसाला शंभरच्या जागी तीनशे केस. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराचं नीट वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं टेलोजन एफ्लुव्हियम. तात्पुरत्या केसगळतीत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाच.

या प्रकारात रोगी फसतो तो मधल्या तीन महिन्यांनी. केस गळू लागले की माणूस कालचं, परवाचं आठवतो: शाम्पू बदलला, टँकरचं पाणी वापरलं, गावाला जाऊन आलो. खरा गुन्हेगार तोवर घरातून निघून गेलेला असतो. म्हणून केसगळतीच्या रोग्याला माझा पहिला प्रश्न आहाराचा नसतो आणि तेलाचाही नसतो. कॅलेंडर पुढे ठेवायचं आणि विचारायचं, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? दिवाळीनंतर केस घेऊन येणाऱ्या रोग्याला मागे नेलं की श्रावण-भाद्रपदातला ताप आठवतो. डोळे दुखत होते, अंग मोडून आलं होतं, प्लेटलेट कमी झाल्या होत्या, चार दिवस सलाईन लागली. डेंग्यू.

इथे पाण्यावरचा आरोप पुन्हा उभा राहतो, पण वेगळ्या कलमाखाली. नळाला पाणी रोज आलं असतं तर घरोघरी ड्रम, हौद, टाक्या भरून ठेवाव्या लागल्या नसत्या. डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो तो अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. शहराच्या पाण्याने केस जातात ही लोकांची तक्रार त्यामुळे अगदीच खोटी म्हणता येत नाही. फक्त ते पाणी डोक्यावर पडलेलं नसतं, झाकण न लावलेल्या ड्रममध्ये उभं असतं. आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करण्याचा सल्ला ऐकणाऱ्याने केसांसाठीही काहीतरी केलेलं असतं.

डेंग्यूसारखंच टायफॉईडचं. टायफॉईडमध्ये केस जातात हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. चिकुनगुनिया, मलेरिया, न्यूमोनिया यांच्यानंतरही तेच. कोविडने हा प्रकार साऱ्या जगाला एकाच वेळी दाखवला. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दुसऱ्या लाटेत घाटीच्या सरकारी रुग्णालयात आणि खासगी रुग्णालयांत जी माणसं ऑक्सिजनवर होती, त्यातली कितीतरी जुलै-ऑगस्टमध्ये केसांच्या तक्रारी घेऊन त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दिसू लागली. जिवावरचं दुखणं गेलं याचा आनंद बाजूला आणि उशीवरच्या केसांचं दुःख पुढे, असं दृश्य. काहींना तर वाटलं, लसीनेच केस गेले. तारखा मांडून दाखवाव्या लागल्या.

बाळंतपणाचं प्रकरण पुस्तिकेत मी मोठं ठेवलं आहे, कारण याबाबतीत सर्वांत जास्त बोलणी बाईलाच खावी लागतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे गळायचे केसही गळत नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यात वेणी कधी नव्हे इतकी जाड असते. बाळंत झाल्यावर संप्रेरकं झपाट्याने उतरतात, थोपलेले सगळे केस एकदम बसतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळू लागतात. बाळ तेव्हा नुकतं ओळखायला, हसायला लागलेलं असतं. त्यावरून, बाळ आईला बघून हसलं की आईचे केस जातात, असा समज घरोघर आहे. तो बाळावर अन्याय करणारा आहे, पण वेळेची नोंद अगदी बरोबर आहे! गंमत म्हणजे त्याच सुमारास बाळाचंही जावळ झडतं, डोक्याच्या मागे पाळण्यात घासून टक्कल दिसतं. आई आणि मूल दोघांनाही एकाच गरोदरपणातून बाहेर पडायचं असतं. बाळाचं जावळ गेलं तर कुणी डॉक्टरकडे नेत नाही, येईल म्हणून सोडून देतात. आईला मात्र डिंकाचे लाडू नीट खाल्ले नाहीत, डोक्याला बांधलं नाही, वारं लागलं, असं काहीबाही ऐकावं लागतं. दोघांचेही केस परत येतात. आईचे बहुधा बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत.

मात्र सहा-आठ महिने झाले तरी गळणं थांबत नसेल तर रक्त तपासावं. बाळंतपणानंतर थायरॉईडचा त्रास सुरू होणाऱ्या बायका कमी नाहीत आणि अंगातलं लोह तर आधीच तळाला गेलेलं असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. शिवाय हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा रिकामा असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. पाळी जास्त जाणारी, जेवण उरकून लगेच चहा घेणारी आणि नवरात्राचे नऊ दिवस साबुदाण्यावर काढणारी बाई माझ्यासमोर केसांची पिशवी ठेवते तेव्हा मी आधी डोळ्यांच्या खालच्या पापण्या उलटून पाहतो. लग्नाच्या आधी दोन महिन्यांत दहा किलो उतरवणाऱ्या मुलींचं आणि मुलांचंही असंच. वजन लग्नात उतरलेलं असतं, केस हनिमूनहून आल्यावर उतरतात.

इथेच एका शब्दाबद्दल माझी नाराजी नोंदवून ठेवतो. "टेन्शन." केस गळतात म्हटलं की घरचे म्हणतात टेन्शन घेऊ नको आणि घाईत असलेले आम्ही डॉक्टरही तेच म्हणतो. मानसिक ताणाने केस गळू शकतात, हे खरं. जवळच्या माणसाचा मृत्यू, कोर्टकचेरी, परीक्षेची दोन-तीन वर्षं, मेसचं पाणचट वरण आणि रात्रीची चार तासांची झोप, यांचा हिशेब शरीर ठेवतं. पण टेन्शन हे निदान सर्वांत शेवटी यावं, बाकीचं तपासून झाल्यावर. थायरॉईडचं टीएसएच न तपासता, हिमोग्लोबिन न बघता, चालू गोळ्यांची नावं न विचारता टेन्शनवर ढकलणं म्हणजे रोग्याला घरी पाठवायची सोय.

औषधांचं विचारावंच लागतं. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट, मनाच्या आजारासाठी लिथियम, रक्त पातळ करणारी हेपारिन आणि वॉर्फरिन, रक्तदाबाच्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन. गर्भनिरोधक गोळ्या बंद केल्यावरही काही महिन्यांनी केस गळतात. जीवनसत्त्व अ जास्त झालं तरी गळतात. केस वाढवणारं मिनॉक्सिडिलसुद्धा सुरुवातीच्या आठवड्यांत केस गाळतं आणि रोगी घाबरून ते सोडून देतो.

एवढं सगळं तीन महिन्यांचं. आता तीन दिवसांचं सांगतो, कारण ते आपल्या शेजारी घडलं.

२०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतून बातम्या येऊ लागल्या: डोक्याला खाज, मग केस हातात येतात, तीन-चार दिवसांत टक्कल. बायका, पुरुष, लहान मुलं, घरात एकाचं झालं की दुसऱ्याचं. वाहिन्यांनी त्याला 'टक्कल व्हायरस' म्हणून टाकलं आणि विषाणूचा पत्ता नसताना गावं बदनाम झाली. मुली कॉलेजात जाईनात, लोक या गावांतल्यांजवळ बसायला कचरू लागले. तिथेही पहिला संशय पाण्यावर. हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघालेही. मग बुरशीचा संशय. पण पाणी खारं होतं ते पिढ्यान्‌पिढ्या, आणि बुरशी अशी तीन दिवसांत गावं साफ करत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथकं आली, नमुने गेले.

ज्यांनी गव्हाकडे बोट दाखवलं ते डॉ. हिंमतराव बावस्कर, महाडचे. विंचूदंशावरच्या कामासाठी जगाला ठाऊक असलेले आणि २०२२ चे पद्मश्री. मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. त्यांनी गावात जाऊन रक्त, लघवी, केस आणि घरातला गहू तपासायला दिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: रेशनवर मिळालेल्या पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट होतं, लोकांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम कितीतरी पट वाढलेलं होतं आणि जस्त घटलेलं होतं. तोपर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांना त्रास झाल्याचं नोंदलं गेलं होतं.

सेलेनियम हे शरीराला हवं असलेलं मूलद्रव्य, पण मायक्रोग्रॅममध्ये. रासायनिकदृष्ट्या ते गंधकाचं भावंड. केसाचा केराटिन गंधकाच्या सांध्यांनी बांधलेला असतो. सेलेनियम जास्त झालं की ते गंधकाच्या जागी घुसतं आणि बांधणी ढिली पडते. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते ६४ या काळात गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली, तेव्हा कारण हेच निघालं. तिथल्या कोळशातलं सेलेनियम जमिनीत आणि जमिनीतून धान्यात गेलं होतं. अमेरिकेत २००८ मध्ये एका पातळ पूरक आहारात चुकून ठरल्याच्या दोनशे पट सेलेनियम पडलं आणि दहा राज्यांतल्या दोनशे माणसांना बाधा झाली. बहुतेकांचे केस गळले. पंजाबात नवांशहर-होशियारपूरच्या पट्ट्यात जमिनीत सेलेनियम जास्त असल्याचं लुधियानाच्या कृषी विद्यापीठाने केव्हाच दाखवून दिलं होतं. तिथल्या म्हशींचे खूर तडकतात, केस झडतात. गुरांना होणारी बाधा माहीत असताना तोच धडा माणसांच्या ताटापर्यंत यायला इतका काळ लागला, ही आपल्या अन्नतपासणीची अवस्था.

शेगावच्या प्रकरणात माझ्या दृष्टीने सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे ते तीन दिवस. ताप, बाळंतपण, उपास यांनी केस बसतात आणि महिन्यांनी गळतात. विष थेट वाढत्या केसावर पडतं, त्याला बसायलाही वेळ देत नाही. एवढ्या अंतरावरून सुद्धा, फक्त तारखा ऐकून सांगता आलं असतं की हे टेन्शन नाही, टायफॉईड नाही, खारं पाणीही नाही. काहीतरी पोटात गेलं आहे.

वाढत्या केसावर घाला घालणारी दुसरी परिचित गोष्ट म्हणजे केमोथेरपी. आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाडा, खानदेश, विदर्भातून रोगी येतात. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते आणि केसाच्या मुळातल्या पेशी अशाच वेगाने वाढत असतात. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात. बायका मला सांगतात की गाठ कळली तेव्हा जितकं रडू आलं नाही तितकं वेणी हातात आली तेव्हा आलं. यावर हसू नये आणि उपदेशही करू नये. उपचार संपल्यावर महिना-दोन महिन्यांत लव दिसते, तीन ते सहा महिन्यांत डोकं झाकतं. नवे केस कधी कुरळे, कधी वेगळ्याच रंगाचे येतात. नर्सने आधीच सांगितलं असेल तर बाई आधीच केस आखूड करून येते. सांगितलं नसेल तर दाराला कडी लावून बसते. सांगावं.

गोल चकत्या पडणं ही तिसरी तऱ्हा. रुपयाएवढा गुळगुळीत डाग, आजूबाजूचे केस धडधाकट. आपल्याकडे याला चाई म्हणतात, आयुर्वेदात इंद्रलुप्त. किडा केस खातो, झुरळ चाटतं, अशी समजूत आहे आणि त्या किड्याला मारायला लसूण, गुंजेचा लेप, कधी त्याहून जहाल काही चोळतात. किडा वगैरे काही नसतो; शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच केसाच्या मुळावर उलटते. गुंज विषारी आहे आणि तिच्या लेपाने भाजलेली, फोड आलेली डोकी मी पाहिली आहेत. लहानसहान चाई पुष्कळदा वर्षभरात आपोआप भरते, आधी पांढरी लव येते, मग ती काळी होते. खूप पसरली तर आता औषधं आहेत, पण ती तज्ज्ञाच्या हाताखालीच घ्यावीत. मुलाच्या डोक्यावरच्या डागाला खवले असतील, केस तुटके असतील, खाज असेल, तर तो नायटा समजावा. त्याला पोटातून गोळ्या लागतात. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टेरॉइडचं मलम लावून तो बरा होत नाही, फोफावतो. आणि रोज कपाळ ताणून बांधलेल्या वेण्या, घट्ट अंबाडा, यांनी कानशिलाजवळचे केस जातात. लवकर सैल केल्या तर परत येतात, वर्षानुवर्षं ओढल्या तर येत नाहीत.

आता बाजाराबद्दल. तात्पुरत्या केसगळतीवर प्रत्येक औषध लागू पडतं. कारण ती सहा महिन्यांत आपोआप थांबते. दुसऱ्या महिन्यात तेल आणलं, चौथ्या महिन्यात गळणं उतरलं, श्रेय तेलाला. कांद्याचा रस लावणारी शेजारीण, कोरफड घालून तेल उकळणारी मावशी, रोग्याच्याच रक्तातून काढलेल्या पीआरपीची पाच इंजेक्शनं विकणारं जालना रोडवरचं कुठलंही चकचकीत क्लिनिक, सगळ्यांकडे खरेखुरे बरे झालेले रोगी असतात. ते खोटं बोलत नाहीत, फक्त काही न करता बरे झालेले रोगी कुणी मोजत नाही. शाम्पूच्या जाहिरातींचं सारं भांडवल हेच. वास्तविक औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधल्या 'जे' अनुसूचीत ज्या आजारांवर औषध रामबाण असल्याचा दावा करता येत नाही त्यांत टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. तरीही मार्च २०२५ मध्ये पंजाबातल्या संगरूर इथे टकलावरचं तेल लावायला शिबिरात रांग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं डोळ्यांची आग घेऊन दवाखान्यात पोहोचली. डोळ्यांना जी किंमत मोजायला लावते ती टकलाची लाज कुठून येते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

बायोटिनच्या गोळ्यांचंही असंच. बायोटिन खरंच कमी असलेला माणूस क्वचित भेटतो. आणि मोठ्या डोसाचं बायोटिन थायरॉईडच्या तसंच हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्या चुकवतं, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्येच दिला आहे. म्हणजे केस गळतात म्हणून बायोटिन, बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा, आणि केस गळण्याचं खरं कारण थायरॉईड. अशी वर्तुळं मी कागदावर काढून दाखवतो.

हे सगळं तात्पुरत्या गळतीबद्दल. पुरुषांचं कपाळ मागे सरकणं, बायकांचा भांग वर्षागणिक रुंद होत जाणं, हे आनुवंशिक. त्यावर उपचार आहेत, पण ते या पुस्तिकेत नाहीत. कधी कधी डेंग्यूनंतरच्या गळतीने हे आधीपासूनचं विरळपण उघडं पडतं आणि सगळा दोष तापावर जातो. आणखी एक प्रकार असा की डाग गुळगुळीत नसून चकचकीत, ताणलेला दिसतो, त्वचेवरची केसांची छिद्रंच बुजलेली असतात, कडेला लाली आणि आग असते. तिथे गेलेला केस परत येत नाही आणि दर महिन्याच्या उशिराने आणखी जातात. तो दिसला तर पुस्तिका बाजूला ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं. घाटीतला विभाग त्यासाठीच आहे.

पुस्तिका कशी वाचावी हे आता थोडक्यात. ज्यांचं गळणं तीन-चार महिन्यांपूर्वीच्या एखाद्या दुखण्याशी जुळतं त्यांनी तापाचं प्रकरण आणि आहाराचं प्रकरण वाचून थांबलं तरी चालेल. बाळंतिणीने आपलं प्रकरण वाचावं आणि सासूलाही वाचायला द्यावं. डॉक्टरकडे जाताना केसांच्या पिशवीपेक्षा मागच्या सहा महिन्यांतलं डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन जा. त्यातून जास्त कळतं. औषधांच्या प्रकरणातली यादी वाचून स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी मात्र बंद करू नका. फिट्सची, रक्त पातळ करण्याची आणि मनाच्या आजाराची तर मुळीच नाही. केस सहा महिन्यांनी परत येतील. गोळी सोडल्यावर आलेला झटका तेवढा थांबणार नाही.